बिल्डची वाट पाहताना: मोठेबाबांचे कानमंत्र

पोरी,

तुझं प्रोजेक्ट अवाढव्य आहे. मागे जुनं डॉट नेट, पुढे रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्ट, अन् दोघांच्या मध्ये तू. महागावच्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतेस याचं आम्हाला कौतुकच आहे, पण एक ओळ बदलून ती पडद्यावर उमटेपर्यंत तुझ्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्याही दिसतात बरं. या धंद्यातल्या बहुतेक खड्ड्यांची खोली मला ठाऊक आहे, ती कशी ते विचारू नको. खालचं सगळं एका दिवसात करायचं नाही. रोज एखादं कर, आणि तुझ्या कामाला लागू नसेल ते खुशाल सोड.

१. आधी घड्याळ लाव, मग तक्रार कर – "लय वेळ लागतो" हे ऐकून मशीन हलत नाही अन् मॅनेजरही. मोजलं ते हललं, कुरकुरलं ते तिथंच राहिलं.

२. तीनदा मोज: सगळं पुसून कोरं बिल्ड, मग काहीच न बदलता दुसरं, मग एकच ओळ बदलून तिसरं – तिघांची दुखणी निराळी असतात. काहीच बदललं नसताना पहिल्याइतकाच वेळ गेला, तर मागचं काम साठवून ठेवणारा कॅशे चालतच नाही असं समज.

३. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर एकदा 'एक्स्टेंडेड डायग्नॉस्टिक्स'चा पर्याय देऊन चालव – वाचण्यात किती, टाइप तपासण्यात किती, फाइली लिहिण्यात किती, हा हिशोब तो आपणहून मांडतो. डॉट नेटच्या बाजूला एमएसबिल्डचा बायनरी लॉग घे, कोण किती वेळ ठिय्या देऊन बसलंय ते त्यात कळतं.

४. आकडे तारखेसकट वहीत लिही, आणि उन्हाळ्यात वेळही लिही, सकाळ की दुपार – काहून, ते लगेच सांगतो.

पुण्याच्या लोकांना हे पटत नाही, पण आपल्याकडे बिल्डचं अर्धं दुखणं उन्हाचं असतं. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. पडद्यावर कुठली सूचना येत नाही, घंटा वाजत नाही, नुसतं सगळं जड होतं. आणि कंपाईल म्हणजे प्रोसेसरला घाम फोडणारंच काम. तू म्हणतेस कोड बिघडला, सहकारी म्हणतो नवी लायब्ररी जड आहे, दोघं मिळून दोन दिवस शोधत बसता. तेच बिल्ड सकाळी सहाला अन् दुपारी तीनला मोज. मोठा फरक पडला तर दोष कोडात नाही, टिनाच्या छपरात आहे.

५. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवायचा नाही – खालची हवेची जाळी बुजते. मागच्या कडेखाली दोन जुनी पुस्तकं सरकव, फुकटात चार अंश उतरले तर कोणाला नको आहेत?

६. कूलरच्या अगदी तोंडासमोर बसू नको – त्या हवेत पाणी असतं, तुला गार वाटतं पण मशीनला ओल लागते. कूलर तुझ्याकडे, अन् मशीनसाठी साधा टेबलफॅन.

७. दिवाळीनंतर घरात वेचलेला कापूस पडलेला असतो, तेव्हा पंख्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करून घे – तंतू अन् धूळ मिळून आत असा थर धरतात की वारा आत जायलाच वाट राहत नाही.

८. कोरं बिल्ड, सगळ्या टेस्ट, पॅकेजांची नवी भरती ही जड कामं सकाळी आठच्या आत उरक – मशीन गार असतं, नेटवर गर्दी नसते, अन् पुण्याहून कोणाचा कॉल येत नाही.

९. लाईन गेल्यावर जड बिल्ड सुरू करू नको – बॅटरीवर आलं की बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसर हळू करतात. तेव्हाचा आकडा वहीतही धरू नको.

१०. बिल्ड अर्ध्यात तुटून भलत्याच चुका दिसू लागल्या तर फक्त कॅशेचा फोल्डर पुस – अर्धवट लिहिलेली फाइल खोटं बोलते, बाकीच्या घरादाराचा त्यात दोष नसतो.

११. राउटरला छोटा यूपीएस घे – लॅपटॉप बॅटरीवर जगतो, नेट मरतं. अन् वावरातल्या कोठ्यावर बसून काम करायची हौस असेल तर आधी लाईनीची पाळी विचार, कृषी पंपाचा फीडर गावठाणाच्या फीडरपासून वेगळा असतो.

आता मशीनच्या आतलं. यात फार रेंगाळत नाही, एकदा केलं की झालं.

१२. प्रोजेक्टचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळता येतो का ते कंपनीच्या आयटीवाल्यांना लेखी विचार – 'नोड मॉड्यूल्स'मध्ये हजारोंनी चिल्लर फाइली असतात, अन् पहारेकरी प्रत्येकीची झडती घेतो. विंडोज ११ असेल तर २०२३ मध्ये आलेल्या 'डेव्ह ड्राइव्ह'बद्दलही विचार, तो याच त्रासासाठी काढलाय. स्वतःच्या मर्जीने मात्र पहारा उठवू नको, नोकरी जाईल.

१३. प्रोजेक्ट वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवू नको – दर बिल्डला शेकडो फाइली बदलतात आणि तो बिचारा प्रत्येक फाइल इमानेइतबारे वर चढवत बसतो, तेही तुझ्या मोबाइल डेटावर.

१४. विंडोजमध्ये लिनक्स वापरत असशील तर कोड लिनक्सच्या बाजूलाच ठेव – हद्द ओलांडून फाइल वाचायला फार वेळ जातो, अन् बिल्डला अशा फाइली हजारोंनी वाचायच्या असतात.

१५. बिल्ड चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघ – ती काठोकाठ भरली असेल तर मशीन डिस्कवर उसनवारी करतंय. ब्राउझरच्या साठ टॅब काही वंशपरंपरागत जमीन नाही, बंद केल्या तरी चालतं.

मूळ मुद्दा पुढेच आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशातल्या कितीतरी संशोधकांची कामं त्याच एका यंत्रावर चालत. पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, अन् एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांगेत. म्हणून ते लोक गठ्ठा देण्याआधी कागदावर दहादा तपासत. पुढे १९७६ मध्ये बेल लॅबमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे बिल्डचं साधन लिहिलं. त्यातली कल्पना अगदी साधी: फाइलीची तारीख पाहा, मूळ फाइल नवी असेल तरच तिच्यावर अवलंबून असलेलं पुन्हा बांधा, बाकीच्याला हात लावू नका. वावराच्या एका कोपऱ्यातली दोन तासं सुकली म्हणून कोणी अख्खं वावर पुन्हा ओलीत करत नाही, तेवढंच पाणी तिकडे वळवतात. आजवरची वेगवान बिल्डची सगळी साधनं मला तरी त्याच कल्पनेची नातवंडं वाटतात. म्हणून दर वेळी एकच प्रश्न विचार: जे बदललंच नाही ते हे यंत्र पुन्हा काहून करतंय?

१६. टाइपस्क्रिप्टमध्ये 'इन्क्रिमेंटल' सुरू आहे ना ते पाहा – २०१९ च्या ३.४ आवृत्तीपासून तो मागच्या वेळचा हिशोब फाइलीत जपून ठेवतो. ती फाइल दर वेळी पुसणारी एखादी स्क्रिप्ट तुमच्याच प्रोजेक्टमध्ये लपलेली असते, तीही शोध.

१७. 'क्लीन' आणि 'रीबिल्ड'च्या बटणावर सवयीने बोट जाऊ देऊ नको – मशीनने सकाळपासून जमवलेलं तू एका टिचकीत उधळतेस. साफसफाईचा सोस, बिल्डला वनवास.

१८. तसंच 'नोड मॉड्यूल्स' पुसून पुन्हा भरणं. बारीकसारीक चुकीला हा उतारा घेऊ नको – शंभरातल्या नव्वद वेळा चूक तुझ्या फाइलीत असते. 'एनपीएम सीआय' हाही आधी सगळं पुसतो अन् मग भरतो, तो सर्व्हरसाठी ठीक आहे. तुमची टीम पीएनपीएम वापरायला तयार झाली तर बरंच, तो प्रत्येक पॅकेज मशीनवर एकदाच ठेवतो अन् प्रोजेक्टांना नुसता दुवा देतो.

१९. टाइप तपासणं आणि पान दाखवणं ही दोन कामं वेगळी कर – पानासाठी टाइपचं ओझं फक्त काढून टाकायचं असतं, ते ईएसबिल्डसारखं साधन क्षणात करतं. तपासणी शेजारच्या खिडकीत आपल्या गतीने चालू दे. पण मर्ज करण्याआधी ती हिरवी झालेली पाहायचीच, हे अट म्हणून सांगतोय, सल्ला म्हणून नाही.

२०. 'स्किप लिब चेक' लावायला हरकत नाही – दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांच्या घोषणा रोज तपासून तुला काय मिळणार? सर्व्हरवर आठवड्यातून एकदा मात्र ते काढून तपास.

२१. एकाच 'इंडेक्स' फाइलीतून सगळा संसार बाहेर पाठवू नको – तुला हवं असतं एक बटण, अन् त्या वाटेने तक्ते, आलेख, कॅलेंडर सगळे आत येतात. एक बोलावलं, बिऱ्हाड आलं. थेट ज्या फाइलीत बटण आहे तिथूनच घे.

२२. वेबपॅक असेल तर पाचव्या आवृत्तीचा डिस्कवरचा कॅशे सुरू कर – ऑक्टोबर २०२० पासून तो आहे, पण आपणहून सुरू होत नाही, मागावा लागतो. कॉन्फिगच्या फाइलीही त्याला अवलंबून म्हणून सांग, नाहीतर कॉन्फिग बदलूनही जुनंच पान दिसत राहील अन् तू डोकं धरून बसशील.

२३. व्हीटकडे जायचा विषय टीममध्ये काढ, पण एकदम सगळं हलवू नको – काम करताना तो अख्खं ॲप बांधत नाही, ब्राउझर ज्या फाइली मागेल तेवढ्याच देतो. ईएसबिल्डवाले इव्हान वॉलेस अन् व्हीटवाले इव्हान यू, दोघांचीही साधनं २०२० चीच. जुनं प्रोजेक्ट हलवताना मात्र कुठे काय अडकेल सांगता येत नाही, म्हणून आधी एक छोटा कोपरा हलवून पाहा.

२४. काम करतानाचे सोर्स मॅप हलके ठेव – सर्वात बारीक नकाशा काढायला सर्वात जास्त वेळ लागतो, आणि तुला बहुतेक वेळा ओळीचा नंबर कळला तरी भागतं.

२५. आता तुमचं जुनं डॉट नेट. तिथे पानाची नुसती मांडणी बदललीस तर बिल्ड करू नको, रिफ्रेश कर – एएसपीएक्सचं पान सर्व्हर मागणीनुसार स्वतः कंपाईल करतो. बिल्ड लागतं ते मागच्या सी शार्पला हात लावला तर.

२६. 'वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्ट' अंगाने वाढू देऊ नको, धंद्याचे नियम अन् डेटाबेसचं काम वेगळ्या लायब्रऱ्यांत काढ – त्याची सगळी सी शार्प एकाच डीएलएलमध्ये जाते, अन् ती बदलली की ॲप पुन्हा सुरू होतं, मेमरीतलं सेशन जातं, पहिलं पान उघडायला युग लागतं. २००५ च्या व्हिज्युअल स्टुडिओत मायक्रोसॉफ्टने ही पद्धतच काढून टाकली होती. मोठ्या प्रोजेक्टवाल्यांनी ओरड केली, तेव्हा २००६ मध्ये परत आणावी लागली. म्हणजे पद्धत वाईट नाही, तिच्यात सगळं कोंबणं वाईट.

२७. पण म्हणून शंभर प्रोजेक्टही पाडू नको – प्रत्येकाला आपले दुवे शोधायचे अन् डीएलएलच्या प्रती करायच्या असतात, त्यातच वेळ जातो. सोबत बदलणारं सोबत राहू दे. टाइपस्क्रिप्टच्या 'प्रोजेक्ट रेफरन्सेस'लाही हेच लागू.

२८. व्ह्यू बिल्डच्या वेळी कंपाईल करायची सोय फक्त रिलीजला चालू ठेव – रोजच्या डीबगमध्ये ती असली तर न उघडलेल्या पानांचाही वेळ तू भरतेस.

२९. दोन ब्रँचवर आलटून पालटून काम असेल तर गिटचं 'वर्कट्री' वापर, दोन फोल्डर – ब्रँच बदलली की बदललेल्या फाइलींच्या तारखा नव्या होतात आणि बिल्ड भाबडेपणाने सगळं नवं समजतं.

३०. एका वेळी छोटा बदल कर, लगेच चालव, लगेच कमिट कर. बिल्ड हळू म्हणून दहा बदल साठवून एकदम चालवायचा मोह होतोच – मग तुटलं की दहातला कोणता ते शोधायला दहा बिल्ड लागतात. ज्याचं बिल्ड मोठं, त्याने कमिट छोटं ठेवावं.

३१. हिशोबाचा भाग पानापासून सोडव आणि त्याची एकच टेस्ट फाइल चालव – बिलातला जीएसटी बरोबर येतो का हे पाहायला अख्खं ॲप उठवून, लॉगिन करून, चार पानं ओलांडायची गरज नाही. मला विचारशील तर या सगळ्या यादीत याच सवयीने सर्वात जास्त वेळ वाचतो, अन् नेमकी हीच सर्वात उशिरा लागते.

३२. पुण्यात सर्व्हरवर मशीन मिळालं तर कोड तिथेच ठेव अन् इथून नुसतं टाइप कर – ऊन, लाईन, मेमरी तिन्ही कटकटी तिकडे गेल्या, तारेवरून फक्त अक्षरं जातात. मात्र काम 'टीमक्स'मध्ये चालव, म्हणजे नेट तुटलं तरी बिल्ड तुटत नाही.

३३. टीमचा सामायिक कॅशे हाही चांगलाच, सहकाऱ्याने बांधलेलं तुला आयतं मिळतं. पण इथे आधी मोज – मोबाइलच्या नेटवर भलं मोठं गाठोडं उतरवण्यापेक्षा घरी कंपाईल करणं कधीकधी लवकर होतं.

३४. वाट अर्ध्या मिनिटाची असेल तर जागचं हलू नको, आपलाच बदल पुन्हा वाच किंवा कमिटचा मजकूर लिही – फोन हातात घेतलास की अर्ध्या मिनिटाचा अर्धा तास होतो. वाट पाच मिनिटांची असेल तर उलट ऊठ, पाणी पी, आजीशी दोन शब्द बोल, डोळ्यांना लांबचं काहीतरी दाखव.

३५. बिल्ड संपलं की आवाज होईल अशी सोय कर – दर वीस सेकंदांनी डोकावून पाहिल्याने ते लवकर होत नाही. तुझी मान मात्र लवकर दुखते.

३६. नवं मशीन किंवा जादा मेमरी मागायची असेल तर वही उघडून माग – दिवसाला वीस बिल्ड, दर बिल्डला दोन मिनिटं, म्हणजे माणशी चाळीस मिनिटं. आठ जणांच्या टीमचे रोजचे पाच तास वीस मिनिटं झाले. एवढं ऐकल्यावर बराच कंजूष मॅनेजरही मेमरीचा भाव विचारतो.

३७. कंपायलर आत काय करतो ते थोडं शिकून घे – कुठल्या कामाला वेळ लागणं रास्त अन् कुठल्या नाही, हे मग नजरेला कळतं. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी कंपायलरचं पोट उघडून कितीतरी पोरांना दाखवलं. आपल्याकडे हा विषय शिकवणारं कोणी नाही असं म्हणायची सोय नाही.

३८. 'नवं येतंय, तोवर थांबू' असं म्हणू नको. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत नव्याने लिहीत असल्याचं ॲन्डर्स हेल्सबर्ग यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. व्हीएस कोडच्या सुमारे १५ लाख ओळींना ७७.८ सेकंद लागत होते, ते साडेसातवर आले – हे मोठंच काम आहे. तरी तुमच्या 'इंडेक्स' फाइलींचा पसारा तो काही आवरून देणार नाही.

३९. बिल्डचं कुठलंही साधन शुक्रवारी संध्याकाळी किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बदलू नको – तुटलं तर टीममध्ये धड कोणी जागेवर नसतं, अन् तू बैलांच्या मिरवणुकीत एका हाताने कॉन्फिग शोधत असतेस. मंगळवारी सकाळी बदल, जुनी कॉन्फिग ब्रँचवर शाबूत ठेव, अन् टीमच्या ग्रुपवर आधी कळव.